काणी लागलेली टिपरी

मी लावणीसाठी तोडलेली उसाची टिपरी बोलतेय. दोन डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटायच्या दोन जागांची, वीतभर लांब. मला राग आलाय, आणि तो मी गोड करून सांगणार नाही.

चाकणजवळ, कंपनीच्या भिंतीला लागून दत्तोबांचं वावर आहे. तिथल्या तिसऱ्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात, मी वाढले. शेजारच्या बेटाच्या, म्हणजे उसाच्या झुपक्याच्या, शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघाला होता. ती काणी, उसाचा बुरशीरोग. तिची काजळी वाऱ्याने माझ्या डोळ्यांवर येऊन बसली. दत्तोबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "तुरा हाय. असतो एखादा काळा."

त्यांचा भाचा ज्ञानेश कंपनीत कामाला. सुट्टीच्या एका दिवसात त्याला स्वतःच्या वावरात उसाची लागण उरकायची होती. रोपवाटिकेतून निरोगी बेणं आणायचं त्याने ठरवलंही होतं. पण दत्तोबा रुसले. "मामाच्या बेण्याला काय इख लागलंय व्हय रं?" झालं. नात्यात वाईटपणा नको म्हणून त्याने मलाच ट्रॉलीत टाकलं.

त्याची बायको विजयश्री बांधावर बॅरलमध्ये बुरशीनाशक कालवून थांबली होती. "अहो, दहा मिनिटं बुडवू या."

"अगं, लागणीला आलेल्या बायका दुपारपर्यंतच थांबणारेत. आणि मामांचंच तर आहे."

मामांचं आहे म्हणून रोग नसतो? कुठे शिकवतात हे?

पुरलं मला तसंच. चार महिन्यांत मी गवतासारखी किडकिडीत फुटले. आणि आज सकाळी दचकलेच. माझ्या शेंड्यातून तोच चाबूक निघालाय. वर चंदेरी पापुद्रा आहे, तोवर ठीक. तो फाटला की काजळी अख्ख्या वावरावर.

ज्ञानेशने पाहिलं. कंपनीत तो माल तपासतो. केसाएवढा ओरखडा दिसला तरी पार्ट बाजूला काढतो. माझ्यापाशी काय केलं? खिशातली लाल फीत बांधली. "रविवारी काढू. आता बस चुकेल."

"आज मंगळवार आहे," विजयश्री म्हणाली. "वारा तुमच्या सुट्टीसाठी थांबणारे का?"

"मामांना कळलं तर..."

"कळू दे. त्यांच्या वावरातलंही काढायला सांगणारे मी."

तो गेला. ती प्लास्टिकची पिशवी घेऊन आलीय. हळू, बाई. आधी पिशवी वरून सरकव, खाली घट्ट बांध. हिसका देऊ नकोस. मग कुदळ घाल, बुडासकट उपट आणि जाळून टाक. बांधावर फेकलंस तर काही उपयोग नाही. दर आठवड्याला ओळीओळीने फिरून बघ. या वावराचा खोडवा ठेवू नकोस, इथलं बेणं कुणाला देऊ नकोस, कितीही रुसू देत.

माझ्यासाठी हळहळू नकोस, मला ते खपणार नाही. उजवीकडचं बेट अजून स्वच्छ आहे. त्याच्यासाठी घाव घाल. आणखी खोल.