कपाटातला पंप

"मॅडम, पंपाची सवय लागते का हो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून किरणने भर वर्गात विचारून टाकलं, आणि पोरी खिदळल्या.

पाचोऱ्याच्या त्या शाळेत थंडीतल्या दम्यावर बोलायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "नाही गं. उलट बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनानं बंद केला, तर घात होतो."

किरणचं हसू ओठांवरच विरलं. गेल्या थंडीत तिच्या थोरल्या भावाची, कुंदनभाऊची, छाती मोकळी झाली, तसा वडिलांनी, आबांनी, त्याचा पंप कपाटात ठेवून दिला होता. पोराला सवय लागू नये म्हणून. मग शेतात भरिताची पार्टी झाली. वांगी भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, गारठ्यानं धूर खालीच बसला, भाऊला दम लागला, आणि दवाखाना गाठेपर्यंत भाऊ गेला. नशीब खोटं, असंच घरात सगळे म्हणत.

यंदा किरणलाही तसाच रोजचा पंप सुरू झाला होता.

संध्याकाळी आई म्हणाली, "तुनी छाती बरी शे ना आते? पंप ठेवी देऊ कपाटमा?" शेजारी आबा शेंगा सोलत होते.

डॉक्टरीणबाईंचं उत्तर किरणच्या जिभेवर आलं. पण ते ऐकून आबा पुन्हा उभे राहिले नसते. तिनं ते गिळलं.

"नको आई," ती म्हणाली. "डॉक्टर थांबवत नाहीत तोवर मी रोज घेणार. भरिताच्या पार्टीतसुद्धा, बठ्ठा लोकांसमोर, कुणालाही न लाजता."