भिंग्याचे काळेभोर केस

बस थांबली तेव्हा उस्तादांनी खिडकीतून पाहिलं आणि बायकोला म्हणाले की भिंग्या स्वतः आलेला दिसत नाही, धाकट्या भावाला पाठवलंय. बायको म्हणाली, त्यांना भाऊच नाही. मग उस्तादांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाक ओळखीचं, पुढे आलेले दात ओळखीचे, हात हलवायची पद्धतही तीच, दुकानासमोरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखी. आणि या सगळ्याच्या वर, आयुष्यात कधी न पाहिलेलं, काळ्याभोर केसांचं दाट रान.

"एक शब्द बोलायचा नाही," बायको पिशवी उचलता उचलता म्हणाली.

"कशाबद्दल?"

"तुम्हाला चांगलं माहीत आहे कशाबद्दल."

उस्तादांचं केस कापायचं दुकान आणि भिंग्याचं चष्म्याचं दुकान तीस वर्षं भिंतीला भिंत लागून होतं. भिंग्याच्या डोक्याचा सगळा इतिहास उस्तादांच्या हाताखालून गेला होता. कपाळ मागे सरकायला लागलं ती बातमी त्याला आरशात दाखवून त्यांनीच दिली होती. शेवटी शेवटी तर या कानापासून त्या कानापर्यंत पांढरी झालर तेवढी उरली होती. ती कापायला चार मिनिटं पुरायची, पण गप्पांपायी खुर्ची तासभर अडून राहायची आणि बाकावरची गिऱ्हाइकं चुळबुळत बसायची. पुढे भिंग्या दुकान विकून बायकोच्या माहेरच्या डोंगराळ मुलुखात राहायला गेला. फोनवर नेहमी सांगायचा, पानगळीच्या दिवसांत या, अख्खा डोंगर तांबडापिवळा होतो, बघत राहावा असा. आणि पानगळ जवळ आली की दरवर्षी काहीतरी निघायचंच. एकदा छप्पर गळत होतं, एकदा गुडघा धरला होता, एकदा तर म्हणे पानंच नीट रंगली नव्हती. यंदा वहिनींनी परस्पर फोन करून दिवसच ठरवून टाकला, तेव्हा कुठे हा योग आला होता.

भिंग्याने कडकडून मिठी मारली, पण मान मात्र डोक्यावर भरलेलं भांडं असल्यासारखी ताठ ठेवून.

"तू काही बदलला नाहीस," तो म्हणाला.

"तू पण," उस्ताद म्हणाले, आणि बायकोने त्यांच्याकडे समाधानाने पाहिलं.

घर छान होतं. लाकडी जिना, खिडकीतून समोर डोंगर, पाहुण्यांच्या खोलीत जाडजूड रजया. वहिनींनी अगत्यात काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. पण उस्तादांचं कशातच लक्ष लागेना. जेवताना भिंग्या वाकला की त्यांचा घास तोंडाशीच थांबायचा. केस खोटे आहेत याचं त्यांना काही नव्हतं, आपलं डोकं आहे, माणसाने त्यावर वाटेल ते ठेवावं. त्यांना सोसवत नव्हता तो त्या टोपाचा कट. डावीकडून एवढा जड की कान दिसत नव्हता, पुढून सरळ रेषेत कापलेला, आणि मागे मानेवर काळ्याखालून ती जुनी पांढरी झालर अशी डोकावत होती, जशी आखूड सदऱ्याखालून बनियन.

"कुणीतरी मुलाला शिक्षा करावी तसा कापलाय," खोलीत आल्यावर ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही डोंगर बघायला आलात."

"अगं पण माझे हात शिवशिवतात."

"मग रजईत घालून ठेवा," ती म्हणाली आणि कूस वळून झोपली.

दुसऱ्या दिवशी सगळे डोंगरावर निघाले. बरोबर भिंग्याचे एक शेजारी होते. ते आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना ड्रायव्हर म्हणत. लोकरीची टोपी कानापर्यंत ओढलेला, मोजकं बोलणारा माणूस. भिंग्याने उस्तादांची ओळख करून देताना उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की याने तीस वर्षं माझे केस कापलेत. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी झालं, आणि तो घाईघाईने पुढे चालायला लागला.

डोंगर खरंच बघत राहावा असा होता. पायाखाली पानांचा थर, वर पिवळ्या झाडांतून येणारं ऊन, आणि वाऱ्याची झुळूक आली की एकदम शेकडो पानं सुटायची. बायका थांबून थांबून बघत होत्या. वारा आला की भिंग्या मात्र डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, डोकं जरा ठणकतंय. आणि उस्ताद त्याच्या मागोमाग चालत होते, वाटेत टोप पडलाच तर झेलायला.

एका चढावर ड्रायव्हरने उस्तादांना हलकेच बाजूला घेतलं.

"तुम्ही तीस वर्षं कापलेत म्हणता. मग एक विचारू? खरे आहेत का हो?"

हा माणूस गावभर करणार, उस्तादांना वाटलं. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की खरे म्हणजे काय, शंभर टक्के खरे. त्याच्या आजोबांचेही असेच होते. कापताना माझी कात्री बोथट व्हायची. एकदा खोटं बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. ड्रायव्हरने मान हलवली आणि टोपी आणखी खाली ओढली.

आता हे प्रकरण इथेच मिटलं असतं. पण निघायच्या आदल्या दिवशी सकाळी उस्ताद अंगणात ऊन खात बसले होते, तेव्हा वहिनी आतून लाकडी खुर्ची घेऊन आल्या. खुर्ची मधोमध ठेवली, पाठीवर एक स्वच्छ चादर टाकली.

"भाऊजी, हत्यारं आणलीत ना?"

उस्ताद कुठेही गेले तरी कात्री-कंगव्याची पिशवी बरोबर नेतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"मग यांचे केस कापा. किती वाढलेत बघा."

दारात उभ्या असलेल्या भिंग्याचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात ड्रायव्हर कुंपणाशी आले, चाललंय काय ते पाहिलं, आणि आत येऊन बाकावर बसले. आता भिंग्याला मागे फिरता येईना. फाशीला चालल्यासारखा तो खुर्चीपर्यंत आला. उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. ती पायरीवर बसून भाजी निवडत होती आणि तिने मानही वर केली नाही.

उस्तादांनी चादर गळ्याभोवती गुंडाळली. आधी त्यांनी हवेतच कात्री चालवली. केसांच्या वर एक बोट, नुसती कचकच. असं दहा मिनिटं ओढता आलं असतं. पण चादरीवर एक केस पडत नव्हता आणि ड्रायव्हर पुढे वाकून बघत होते.

"आवाज फार येतोय," ते म्हणाले.

मग उस्तादांनी कंगवा घातला, डावी बाजू उचलली आणि पहिला खरा घाव घातला. काळ्या केसांची बोटभर बट चादरीवर पडली. चादरीखालून भिंग्याने त्यांचा सदरा पकडला.

"जरा बेताने," तो दातांतल्या दातांत कुजबुजला. "परत यायला वेळ लागतो."

"ठाऊक आहे," उस्ताद तितक्याच हळू म्हणाले.

भिंग्याने सदरा सोडला. मग समोर बघत, ओठ न हलवता तो बोलायला लागला. इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात नवरा-बायको बाजारात गेले होते. दुकानदार हिला ताई म्हणाला आणि याला आजोबा. वर तिला विचारलं, वडील कायमचे आलेत का राहायला?

उस्तादांची कात्री थांबली.

"हसतोयस?"

"नाही."

"तुझं पोट माझ्या खांद्याला लागतंय, उस्ताद. मला कळतं." मग तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन हा आणला. लोकांचं काही नाही रे, सवय होते. पण तुला बोलवायचं म्हटलं की धाबं दणाणायचं. तुझ्यापासून काय लपणार?"

"मला आधी वाटलं, तुझा भाऊ आलाय."

"मला भाऊ कुठे आहे?"

"हिनेही तेच सांगितलं."

उस्तादांनी मग मनापासून काम केलं. इतके दिवस जे डोळ्यांत खुपत होतं ते सगळं काढलं. डावीकडचा भार हलका केला, पुढची रेषा मोडली, कपाळ दोन बोटं मोकळं केलं, आणि कानावर खालची पांढरी झालर बाहेर घेऊन काळ्यात अशी मिसळून टाकली की काळं कुठे संपतं ते शोधावं लागलं असतं. आरसा धरला तेव्हा भिंग्या स्वतःकडे बघतच राहिला. आरशात साठीतला एक बरा दिसणारा माणूस होता, आणि तो चक्क त्याच्यासारखाच दिसत होता.

"भाऊजी, माणसात आणलंत," वहिनी म्हणाल्या.

ड्रायव्हर उठले. त्यांचा चेहरा पडला होता. "काहीजण नशीब घेऊनच जन्माला येतात," ते म्हणाले. "माझी आपली दाढी तरी करा." आणि त्यांनी टोपी काढली. खाली एकही केस नव्हता. झालरसुद्धा नाही. ते हळूच म्हणाले की खोटे निघाले असते तर पत्ता विचारणार होतो, कधीपासून धीर होत नव्हता.

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते आजोबांचे केस आणि ती बोथट कात्री आता गिळायची कशी, हे त्यांना सुचेना.

भिंग्या मात्र खुर्चीतून उठून ड्रायव्हरच्या समोर जाऊन उभा राहिला. हनुवटीला बोट लावून त्याने त्यांची मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे. दुकानात फ्रेम दाखवताना तो गिऱ्हाइकाला असंच बघायचा.

"काळा नको," तो म्हणाला. "तुम्हाला करडा शोभेल." आणि दोन्ही हातांनी स्वतःचे केस उचलून त्याने ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवले. "हा मापाला घालून बघा."

ड्रायव्हर आरशात बघत होते, कपाळावर बट, खाली सुरकुतलेला गंभीर चेहरा. उस्तादांची बायको भाजी बाजूला ठेवून जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. मग वहिनी हसल्या, मग खुद्द ड्रायव्हर. भिंग्या उन्हात आपली चकाकती टाळू चोळत उभा होता आणि म्हणत होता की हवा काय छान लागते हो इथे.

त्याने टोप सोडला मात्र नाही. थंडी येतेय, उबेला बरा असतो, असं म्हणून संध्याकाळी फिरायला जाताना पुन्हा चढवला. फक्त वारा आला तेव्हा डोक्यावर हात ठेवला नाही. टोप उडालाच, तर ड्रायव्हर आणि उस्ताद दोघंही मागून येत होते.

महिन्याभराने दुकानात उस्तादांना फोन आला. ड्रायव्हर बोलत होते. करडाच घेतला म्हणाले, बायकोला पसंत आहे, पण मानेवर जरा लांब वाटतो.

"तर तुम्ही परत कधी येताय?"

उस्तादांनी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं आणि बाकावर बसून गाडीच्या वेळा विचारायला सुरुवात केली.