नागाच्या डोळ्यातलं फूल

वर्सोव्याला बोंबील वाळत घालायच्या मैदानाला लागून एक पत्र्याची शेड होती. तिथे फाटकी जाळी आणि मोडकी वल्ही पडून असायची. सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात तिच्या दाराशी चपलांचा असा ढीग साचू लागला की येणाऱ्याने स्वतःचीच घालून घरी जावं हाच मोठा चमत्कार. आत काचेची एक पेटी होती, पेटीवर शंभर वॅटचा उघडा दिवा, पेटीत एक नाग आणि पेटीमागे घोंगडीवर बसलेले जागृतनाथ महाराज.

"देवाला शेजारती लागते," महाराज सांगत, "पहारेकरीसुद्धा पहाटे डुलक्या घेतो. पण हा माझा बाळ झोपत नाही. दिवस नाही, रात्र नाही. याची पापणी लवलेली कुणी पाहिली असेल तर पुढे या, मी त्याचे पाय धुऊन ते पाणी पितो."

पाय धुवायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. सापाला पापणीच नसते, तर ती लवणार कुठून? मी पालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत होते, एवढं मला ठाऊक होतं. मी तसं बोललेही. पण आम्ही नगरकडचे, बौद्ध, वस्तीत नवे. "बाईंचा देवावर विश्वास नाय," एवढ्यावर माझं म्हणणं निकालात निघालं.

तो दिवा कधी विझत नसे. नागाला अंधार दिसला तर दर्यावरच्या होड्यांना वाट दिसणार नाही, असं महाराजांनी सांगून ठेवलं होतं. ज्यांच्या घरचा माणूस पाण्यावर असतो त्यांना एवढं सांगितलं की पुरतं. त्या दिव्याच्या खटक्याला कुणी बोटसुद्धा लावत नव्हतं.

आणि मग तो खरा चमत्कार. डोळ्यांचं दुखणं घेऊन आलेल्याला महाराज नागासमोर बसवत. नाग ते दुखणं आपल्या डोळ्यांत ओढून घेई. आलेले डोळे आठवड्यात आपसूक बरे होतात, त्याचं श्रेय घ्यायला काही लागत नाही. पण कधीकधी महाराज एखाद्याला निवडून सांगत, "याचं दुखणं जड आहे, बाळ स्वतः पिणार." आणि दोन दिवसांत नागाचे काळेभोर डोळे खरोखरच दुधासारखे पांढरे होत. चार-पाच दिवसांनी पुन्हा निवळत. हे मी स्वतः पाहिलं आणि मला त्याचं उत्तर सापडेना. त्याचा रागही आला.

त्यातच माझ्या वर्गातली पार्वती शाळेत यायची बंद झाली. बोंबील टांगताना बांबूची चिरफळी तिच्या उजव्या डोळ्यात गेली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, पट्टी बांधली आणि बजावलं, "उजेडात नेऊ नका. बुबुळावर पांढरं दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्या." पांढरं दिसलं. आणि तिची आई द्रौपदी तिला घेऊन शेडमध्ये गेली.

मी द्रौपदीला तिच्या ओट्यावर गाठलं. ती पाटीतली मासळी निवडत होती.

"अगं, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं." तिने एक पापलेट उचलून माझ्यासमोर धरलं. "बाई, ह्याचा डोला बघा. काला, चकचकीत. म्हंजे ताजा. ह्यो दुसरा, पांढरा पडला, म्हंजे गेला. बर्फात ठेवा, पान्यात ठेवा, काय बी करा, पांढरा पडलेला डोला परत साफ होत नाय. मी जन्मभर ह्येच बघत आले. आनि त्या नागाचा झाला. माज्या समोर झाला. आता मी कोनाचं ऐकू?"

ती भोळी नव्हती. पुऱ्या बाजारात तिला शिळी मासळी विकून दाखवणारा कुणी नव्हता. तिची हुशारीच तिला त्या शेडमध्ये घेऊन गेली होती. जे बघून दुसरं कुणी नुसतं नवल करून घरी गेलं असतं, ते कोळणीला अशक्य वाटलं, आणि अशक्य म्हणून दैवी वाटलं.

मी तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंच्या भावाला साप पाळायचा नाद होता. त्या माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "कात टाकायच्या आधी सगळ्याच सापांचे डोळे दुधाळ होतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर सुटायचा असतो. आधी कातडी मळकट दिसते, मग डोळे पांढरे होतात, मग निवळतात आणि चार दिवसांनी कात पडते. माहीतगार माणसाला आधीच कळतं." मग त्यांनी विचारलं, "पण दिवा रात्रंदिवस चालू असतो? बंदच नाही? बाई, सापाला रात्र लागते. उजेड आणि अंधार यांच्या पाळीवर त्याचं खाणं, फिरणं, विसावणं चालतं. तो जागा नाही, त्याला झोपू देत नाहीयेत." आणि खुर्चीवरून उठत त्या म्हणाल्या, "ती मुलगी आहे कुठे?"

आम्ही दोघी भर दुपारी शेडमध्ये शिरलो. पार्वती दिव्याखाली बसली होती. पट्टी काढलेली, डोळा सुजून लाल, गालावरून पाणी वाहत होतं. ती तोंड फिरवू बघायची आणि महाराज हनुवटी धरून ते परत दिव्याकडे करायचे. द्रौपदी शेजारी हात जोडून बसली होती.

"बाई," पार्वती हळूच म्हणाली, "त्याला पन उजेड टोचतो. तो सारखा तोंड लपवायला जागा शोधतो. हितं जागाच नाय."

मी पेटीकडे पाहिलं. नाग काचेच्या कोपऱ्यात नाकाड घासत होता. घासून घासून ते सोललं होतं. यालाच लोक पहारा म्हणत होते.

"महाराज," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दर वेळी डोळे निवळले की हा कात टाकतो. त्या काती कुठे जातात?"

"बाळ कात टाकत नाही. तो अजर आहे."

पार्वतीच्या गळ्यात महाराजांनी बांधलेला एक नवा ताईत होता, मी तो धरला. महाराज ओरडले, उघडलात तर पोरगी आंधळी होईल. मी द्रौपदीकडे पाहिलं. लेक तिची होती, उघडायचा की नाही हे तिनेच ठरवायचं होतं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग दातांनी दोरा तोडला.

आतून कागदासारखं काहीतरी पातळ निघालं. द्रौपदीने ते दिव्यासमोर धरलं. सापाच्या डोक्याची कात होती ती, आणि डोळ्याच्या जागी घड्याळाच्या काचेसारखी एक गोल, स्वच्छ चकती. तिने ती अंगठ्याने चाचपली. रोज शेकडो मासे खवलणारा अंगठा तो.

"हे तर खवल हाय," ती म्हणाली.

"जुनं खवल पांढरं झालं, सुटलं, खाली नवीन होतं," मी म्हटलं. "नागाने कुणाचंही काही प्यायलं नाही. तुझ्या पापलेटाला कात नसते, म्हणून त्याचा डोळा साफ होत नाही. पापलेटाचा डोळा मिटतो का गं कधी? मग त्याला कुणी पहारेकरी म्हटलंय?"

द्रौपदी उठली आणि खटक्याकडे गेली.

"नवरा दर्यावर आहे ना तुझा, महादू?" महाराज हळू आवाजात म्हणाले. "विचार कर."

तिचा हात थांबला. शेडमधल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यांतल्या निम्म्यांचे नवरे त्याच पाण्यावर होते. उद्या खरोखरच एखादी होडी आली नाही तर या बाईला वस्तीत कोण जगू देणार होतं?

"दर्यावरचं दर्या बघंल," द्रौपदी म्हणाली. "पोरीचा डोला माज्या समोर चाललाय." आणि तिने दिवा बंद केला. कोपऱ्यातलं जुनं शीड ओढून पेटीवर टाकलं.

काही झालं नाही. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी शिडाची कड उचलली. नाग वेटोळं करून, डोकं वेटोळ्याखाली घालून पडला होता. डोळे उघडेच असणार, पण कुणालाही विचारा, तो झोपला होता.

त्याच दुपारी आम्ही पार्वतीला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि पहिला प्रश्न विचारला, "इतके दिवस कुठे होतात?" डावा डोळा शाबूत होता. उजव्या डोळ्यातलं फूल, बुबुळावरचा तो पांढरा डाग, कायमचं राहिलं. ते प्यायला कुणीही येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या परत आल्या, महादूचीही. काही जण म्हणाले, महाराजांनी उदार मनाने क्षमा केली. महाराज तोवर पेटी सोडून निघून गेले होते. पावसाळ्यानंतर कळलं, माहुलकडे कुणी झोप न येणारं घुबड आणलंय.

नाग डॉक्टरीणबाईंच्या भावाकडे गेला. तिथे दिवसा त्याच्या पेटीवर उजेड असे, संध्याकाळी दिवा मालवत. बऱ्याच दिवसांनी त्याने पहिला बेडूक खाल्ला. मी हे पार्वतीला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "म्हंजे त्याला रात्र मिलाली?"

मिळाली, मी म्हटलं.

ती आता पहिल्या बाकावर, फळा डाव्या डोळ्यासमोर येईल अशी बसते. मी शिकवायला वळले की तिचा एक डोळा माझ्याकडे असतो आणि दुसरा कुठेच नसतो. म्हणून हे लिहिलं. कुणी तुम्हाला नवल दाखवलं तर जरूर बघा, पण हात जोडायच्या आधी एकदा विचारा की हे कसं होतं. उत्तर मिळेपर्यंत लेकराचं औषध थांबवू नका. त्या दिव्याखाली पार्वती बसली होती, तेवढे दिवस तिला परत देता येत नाहीत.