जिंकण्यापुरतं इंग्रजी

"मैत्रिणीला मारलंस का, असं कसं विचारू मी पोरीला?" मावशींनी चादरीचं टोक तसंच हातात धरून ठेवलं.

"मारलं नाही हो मावशी, हरवलं. माणसाला हरवलं की बीट. मॅच जिंकली, कप जिंकला की विन." सिस्टर पलीकडचं टोक घेऊन जवळ आल्या. चादर दुमडली आणि ढिगावर गेली.

दवाखान्याच्या लिनन रूममध्ये मोठ्या चादरीची घडी एकटीला धड घालता येत नाही. म्हणून वॉर्डात जरा सामसूम झाली की सिस्टर दुसरं टोक धरायला यायच्या, आणि त्यातच मावशींची शिकवणी उरकून जायची.

मावशींची नात सातासमुद्रापार. वय वर्षं नऊ. तिला आपल्या भाषेतला 'आजी' एवढा एकच शब्द यायचा, आणि मावशींची गाडी 'हॅलो'च्या पुढे सरकत नव्हती. मध्ये लेक. व्हिडिओ कॉलवर नात हातवारे करून, खिदळून, श्वास न घेता बडबडायची आणि लेक सांगायचा, "आई, ती म्हणते, छान चाललंय." बाकीची बडबड हा गिळून टाकतो की काय, असं मावशींना वाटायचं. त्यांना त्याचा राग यायचा, आणि राग ओसरला की नुसतीच हुरहुर लागायची. एकदा, फक्त एकदा, मध्ये कुणी नसताना तिच्याशी बोलायचं होतं.

ती संधी आता आली होती. रविवारी नातीची बॅडमिंटनची फायनल होती आणि लेक कामावर अडकणार होता. "जिंकली की तीच तुला फोन करेल," तो म्हणाला होता.

"डिफीट पण आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण ते बातम्यांतलं, लढाईतलं. ट्रायम्फ भाषणातलं. घरात असं कुणी बोलत नाही."

"मग घरातलं सांगा ना! भाषण कुठं ठोकायचंय मला?"

"यू अर्न्ड इट. म्हणजे, नुसतं जिंकली नाहीस, मेहनतीनं मिळवलंस."

हे मावशींना फार आवडलं. इस्त्री करताना, डबा खाताना, जिना चढताना त्या तेच घोकत राहिल्या. वॉर्डबॉयनं चहा आणून दिला, तर त्यालाही ऐकवलं.

"आणि हरली तर?" सिस्टरनी विचारलं. "तेही दोन शब्द शिकून ठेवा."

"काहीतरीच! आधीच अभद्र बोलू नये. तसलं शिकवूच नका मला."

रविवारी फोन वाजला तेव्हा मावशी उशांचे अभ्रे लावत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी फोन उचलला.

"आजी," नात म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल, केस कपाळाला चिकटलेले. त्या तोंडाकडे पाहून कळायला कुठलीच भाषा लागत नव्हती.

विन, बीट, अर्न, सगळे शब्द जिभेवर तयार होते आणि त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. मावशींनी फोन दोन्ही हातांत धरून जवळ आणला.

"असू दे गं सोन्या," त्या म्हणाल्या. "ये, इकडे ये माझ्याजवळ."

"व्हॉट?" नातीनं हुंदका गिळत विचारलं.

मावशींनी तेच पुन्हा, हळू म्हटलं. मग त्या बोलतच राहिल्या. तुझा बाबा एवढासा असताना शर्यतीत शेवटचा आला होता, घरी येऊन कॉटखाली दडला, जेवायलाही बाहेर येईना. मग मीच ताट घेऊन खाली सरपटत गेले, आणि माझी पाठ अशी धरली म्हणतेस!

नात पुन्हा 'व्हॉट' म्हणाली नाही. तिनं फोन उशीवर ठेवला आणि त्याला गाल टेकवून आडवी झाली. स्क्रीनवर आता फक्त एक कान आणि ओले केस दिसत होते. हुंदके हळूहळू विरळ होत गेले.

तेवढ्यात मध्येच लेकाचा फोन येऊ लागला. स्क्रीनवर त्याचं नाव आलं, गेलं, पुन्हा आलं.

मावशींनी तो घेतला नाही.