कडेलोटाचे मानकरी

सत्त्याण्णव सालच्या जत्रेतही ढकलायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. शिवनेरीवरचा कडेलोट म्हणजे जुन्या काळी गुन्हेगाराला कड्यावरून खाली लोटायची जागा. पण आमच्या डिंगोरे गावात जो तो सांगतो की आपला पूर्वज तिथूनच लोटला, आणि तो अर्थातच निरपराध होता! पूर्वी आमच्या जत्रेतल्या नाटकात एकच वीर कड्यावरून पडून मरायचा, तो जत्रा कमिटीच्या अध्यक्षाचा, रखमाजीचा पूर्वज. स्वतः रखमाजीच त्याचं काम करायचा. मग हौशीरामची भावकी हटून बसली, की आमच्या पूर्वजाचे आधी हातपाय तोडले, मगच लोटला. भगवंताचा पूर्वज म्हणे हत्तीच्या पायी गेला. हत्ती आणायचा कुठून, म्हणून त्यालाही कड्यावर घेतला. असे वाढत वाढत पाच वीर झाले. मारणारा मात्र कुणाच्याच घरात जन्मला नव्हता.

"मच्छिंद्रा, तुमी मेंढरंवाली माणसं. तुला रक्ताची सवय," रखमाजी म्हणाला.

मेंढरं माझ्या बापानेच कधीची विकली. मला तर कोंबडी कापतानासुद्धा घेरी येते. असा संताप आला! पण गिळला, कारण आमचा पूर्वज म्हस्कूही त्याच कड्यावरून गेला, असं माझी आई भिमाबाई जन्मभर सांगत आली होती. डोळे मिटायच्या आत तिला एकदा त्याचं नाव माइकवर ऐकायचं होतं.

"म्हस्कूलाबी घ्या की," मी म्हणालो.

"पुरावा काय?"

"तुमच्याकडं काय हाय?"

"आमचं सगळ्या गावाला ठावं हाय."

सगळं गाव म्हणजे रखमाजी आणि त्याचे भाऊ. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

जत्रेच्या दुपारी मी एकेकाला स्टेजवरून खालच्या गादीवर ढकललं. दर वेळी माइकवर नाव, मग टाळ्या. पाचवा पडला. बायकांत बसलेली आई माझ्याकडेच बघत होती. मी माइक ओढला.

"आन सहावा म्हस्कू! मेंढरं राखणारा म्हस्कू!" ओरडलो आणि स्वतःच उडी टाकली.

टाळी वाजली नाही.

"मारणाराच मेला की राव!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळी जत्रा हसत सुटली. मी मान वळवून बघितलं. आई तेवढी हात जोडून उभी होती.

शेजारी मेलेला रखमाजी एक डोळा उघडून खेकसला, "ऊठ की मेल्या! आता आमची मढी कोण उचलणार?"

उचलायचं कामही माझंच होतं. मी उठलो नाही.