खोली टापटीप झाली

न्डोला शहराच्या वाचनालयातल्या संगणकांच्या खोलीचे प्रमुख कापेंब्वा. माणूस कमालीचा टापटिपीचा. टेबलाखाली लोंबणाऱ्या अडॅप्टरांची त्यांना शिसारी यायची. राउटरचा एक, स्कॅनरचा एक, स्पीकरचा एक, पडद्या-पडद्याला आणखी वेगळा. त्या वायरींच्या जंजाळात झाडू घालणंही झाडणारीनं केव्हाच सोडलं होतं.

"या शेपटीवाल्या घुशी मी हाकलणार," असं म्हणत त्यांनी लुसाकाहून एक मोठा डबा मागवला. भिंतीतून डब्याला एक वायर, आणि डब्यातून सगळ्यांना वीज. जुने अडॅप्टर भंगारात गेले. रिकाम्या सॉकेटांवरही त्यांनी पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. उघडी भोकं त्यांना असभ्य वाटत.

मदतनीस नामुकोलो कमरेवर हात ठेवून बघत होती. "एका खुंटीला अख्खं घर टांगलंत, साहेब. खुंटी निसटली तर?"

"तुला गुंत्यातच करमतं, बाई!"

उद्घाटनाला प्रांताचे अधिकारी सिकाझ्वे आले. नोकरीचे अर्ज भरायला आलेली माणसं बाहेर व्हरांड्यात थोपवली होती. मुदत त्याच दिवशी संपत होती. सिकाझ्वेंचं भाषण रंगात आलं आणि त्यांच्या ड्रायव्हरला आठवलं, साहेबांचा फोन मरायला टेकलाय. खोलीभर शोधून एकच सॉकेट दिसलं. त्यानं त्यातली वायर उपटली आणि फोन लावला.

माइक अर्ध्या शब्दावर गप्प झाला. पडदे काळे पडले.

"फोन काढायला सांगा त्याला," नामुकोलो कुजबुजली.

"तूच सांग."

"पगार तुमचा मोठा आहे, साहेब."

तेवढ्यात सिकाझ्वे मागे वळले. "वा! घरघर नाही, लुकलुक नाही. हे आपोआप बंद होतं?"

"हो साहेब," कापेंब्वांच्या तोंडून निघून गेलं. "पाहुणे आले की... मान म्हणून."

सिकाझ्वे खूश झाले. प्रांतातल्या प्रत्येक वाचनालयात असाच डबा बसवायचा आणि ती जबाबदारी कापेंब्वांची, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मग बन खाल्ले, मक्याचं आंबवलेलं महेऊ प्यायले, आणखी एक बन खाल्ला. फोन भरेस्तोवर ते हलले नाहीत, आणि तोवर कापेंब्वा हसऱ्या चेहऱ्यानं उभे राहिले. बढतीच मिळाली होती म्हणायची.

गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांनी धावत जाऊन वायर खोचली. पडदे उजळले. त्यांनी दार उघडलं. व्हरांडा रिकामा होता. अर्जवाले समोरच्या इंटरनेटच्या दुकानात दाटीवाटीनं उभे होते. तिथं छतापासून वायरी लोंबत होत्या, आणि छपाई धडाधड चालली होती.

"आता खरी टापटीप झाली," नामुकोलो रिकाम्या खुर्च्या सरळ करत म्हणाली. "माणसांचीही अडचण गेली."

पुढच्या आठवड्यात कापेंब्वा कित्वेच्या वाचनालयात गेले, तिथले अडॅप्टर हाकलायला.