संत्र्याची एक फोड

सिनेमा अजून कुठंच लागला नव्हता. दोन मिनिटांची झलक तेवढी मोबाईलवर आली होती, आणि तेवढ्यावर पांढुर्ण्यात पुरस्कार वाटूनही झाले होते.

वाटणी मोठी सोपी होती. मागच्या हिवाळ्यात तिगावच्या स्टेशनमागं संत्र्याच्या बागेत शूटिंग झालं, तेव्हा नायक पांढुर्ण्यात मुक्कामाला होता आणि नायिका जाम नदीपलीकडं, सावरगावच्या पाटलांकडं. म्हणून साहेब पांढुर्ण्याचे आणि मॅडम सावरगावच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळसाचा झेंडा रोवून दोन्ही काठ एकमेकांवर दगड फेकायला समोरासमोर उभे राहतात ना, तसेच ते सध्या भूपेंद्रच्या चहाच्या टपरीवर उभे असत. हातात दगडाऐवजी मोबाईल, एवढाच फरक.

विनायकराव रोज सकाळी तिथं कोपऱ्यातल्या बाकावर बसत. सौंसरच्या वाचनालयात त्यांनी जन्म काढला होता. बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय तिथलीच. त्यात त्यांची अडचण अशी, की ते राहणारे पांढुर्ण्याचे आणि जावई सावरगावचे.

"ह्या हाताकडे पाहा जरा," पुंडलिकराव म्हणाले. ते विनायकरावांच्या बायकोचे चुलतभाऊ; नदी ओलांडून केवळ वाद घालायला इथं चहाला येत. "चेहरा दिसूनच नाई राहिला, तरी डोळ्यात पानी येऊन राहिलं. नागपूरच्या पेपरातबी आलं, यंदाचा अवार्ड मॅडमच्या बोटाईनंच आनला म्हनून."

"अन् घेनाऱ्याचा हात?" कापड दुकानवाला योगेश उसळला. "साहेबाचा तळहात पाहा कसा कापते! असं कापनं शिकाले लोकं मुंबईले जातात."

"थंडी वाजली असन तुमच्या साहेबाले."

टपरी हसली. विनायकरावांनी उजवा हात हळूच शालीत ओढून घेतला.

झलकेतलं ते दृश्य आता साऱ्यांना पाठ होतं. म्हाताऱ्या नवऱ्याला काही आठवेनासं झालंय. बायको झाडाखाली त्याच्यासमोर बसून संत्रं सोलते. साल काढते, धागे काढते, पापुद्रा उघडून बी काढते आणि उघडी फोड त्याच्या तळहातावर ठेवते. मग हात मागं घेत नाही. त्याची बोटं एकेक करून फोडीवर मिटवते आणि ती मूठ आपल्या हातात धरून ठेवते. बस, एवढंच. पण पेपरवाले म्हणत, त्या मिटवण्यातच पुरस्कार आहे.

ते हात मॅडमचे नव्हते. मालतीचे होते, विनायकरावांच्या बायकोचे. आणि कापणारा तळहात विनायकरावांचा.

त्याचं असं झालं, की मॅडमना आमच्याकडच्यासारखं संत्रं सोलायला शिकवावं म्हणून पाटलांनी मालतीला बोलावलं होतं. मॅडम शिकल्याही, पण त्यांची नखं निगेतली आणि बोटं कोवळी पडली. दिग्दर्शकानं पाहिलं आणि ठरवलं, हात मालतीचेच घ्यायचे. शेवटच्या दिवशी साहेब विमान गाठायला नागपूरला निघून गेले, तेव्हा स्मिता नावाची दिग्दर्शकाची सहाय्यक मुलगी मालतीबरोबर आलेल्या विनायकरावांना म्हणाली, "काका, तुम्हीच बसता का समोर? फक्त हात दिसेल." मालतीच्या मनगटात मॅडमच्या बांगड्या चढल्या, विनायकरावांच्या अंगात साहेबांचा सदरा. कुणाला सांगू नका, एवढंच स्मितानं विनवलं होतं, आणि दोघांनी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारची आठवण विनायकरावांना स्वप्नासारखी येई. पानांतून गळणारं ऊन. पिकलेल्या फळांचा वास. लांबून मालगाडीची धडधड, ती जवळ येता येता इतकी वाढली की माणसांची फक्त तोंडं हलताना दिसत होती. आणि त्या आवाजाच्या पोटात, अगदी शांत जागी, मालतीची बोटं त्यांच्या बोटांवर मिटत गेली. साल सोलून पिवळसर झालेली, थंड बोटं. मूठ धरताना तिनं त्यांच्याकडं पाहिलं होतं. तसं तिनं कधी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

की आठवत होतं? पुस्तकात वाचलेलं आणि स्वतःचं घडलेलं यांची त्यांच्याकडं अलीकडं सरमिसळ होऊ लागली होती.

मुलगी पाहायला गेले तेव्हा विनायकराव एक शब्द बोलले नव्हते. "पोरगा मुका तर नाई ना?" असं मालतीनं आत विचारल्याचं सावरगावात अजून हसून सांगतात. ती हुशार, बोलकी. तिला सांगून आलेली नोकरीवाली स्थळं किती तरी. हिला आपण आवडलो का, हे विचारायचं राहून गेलं. मग मुलं झाली, मोठी झाली, बाहेरगावी गेली, आणि आता विचारणं म्हणजे हसं करून घेणं.

पण ती मूठ! ते मिटवणं दिग्दर्शकानं सांगितलं होतं, की तिनं आपणहून केलं? बस, एवढं कळलं असतं तर त्यांना कुठलाच पुरस्कार नको होता. सगळा गाव म्हणत होता, काय अभिनय आहे. आणि ऐकून ऐकून त्यांनाही तसंच वाटू लागलं होतं. अभिनयच असेल. दिग्दर्शक तिच्या कानाशी काहीतरी बोललाच होता की.

"बोला ना जवाईबापू," पुंडलिकरावांनी त्यांना बाकावरून उठवलंच. "तुमी एवढे वाचनारे. मॅडम का साहेब?"

"तो हात..." विनायकराव म्हणाले. सगळे त्यांच्याकडं पाहू लागले. "तो हात बरा आहे," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

"पाहा! आमच्या साहेबाचाच म्हनून राहिले!" योगेश ओरडला.

"बरा म्हनले बाप्पा, चांगला नाई म्हनले!"

घरी अंगणात मालती उन्हाला बसली होती, पुढ्यात सुपात संत्री. विनायकराव शेजारी बसले. मग मोबाईल काढून तिच्यापुढं धरला.

"हे पाहिलंस का तू?"

"नाई. पोरीनं धाडलं होतं, दीपालीनं. मले कायले पाहाचं? माह्येच हात मले रोज दिसतात."

तरी तिनं चष्मा लावला. झलक सुरू झाली. साल, धागे, पापुद्रा, बी. फोड तळहातावर. मग बोटं मिटू लागली, तशी मालती एकदम ताठ झाली.

"अवो! हे काऊन ठेवलं यायनं?"

"काय?"

"हे सिनेमातलं नाई ना! त्यानं कट म्हटलं होतं. फोड ठेवली का हात मांगं घ्याचा, असंच सांगतलं होतं मले."

"कट म्हटलं होतं?"

"म्हटलं नाई तर काय! हात वर करून म्हटलं. तुमाले मालगाडीत ऐकू नसन आलं. तुमी आपले बसूनच राहिले हात पुढं करून, अन् तो असा कापून राहिला होता..." तिनं सुपातलं एक संत्रं उगाच फिरवलं. "मले वाटलं, फोड पडन. अन् तुमी घाबरले असान, एवढ्या लोकाईत."

"म्हणून मूठ मिटवलीस?"

"मंग? दुसऱ्या कोनाचा हात होता का तो?" तिनं चष्मा काढला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "साऱ्या मुलुखाले दाखवून राहिले मेले. घरातलं घरात राह्यलं असतं तं काय झालं असतं? कोनाले सांगजा नोका बरं."

"नाही सांगत."

अंगणात ऊन तसंच होतं. विनायकरावांना ते पानांतून गळत असल्यासारखं वाटलं, जरी अंगणात झाड नव्हतं. मालतीनं साल काढली, धागे काढले आणि फोड त्यांच्यापुढं धरली. तोंडानं मात्र म्हणाली, "चहा पिऊनच आले असान भूपेंद्राकडून. जेवाले अजून वेळ हाय."

त्यांनी हात पुढं केला.

दुसऱ्या सकाळी टपरीवर भांडण तिथूनच पुढं सुरू झालं होतं. मॅडमला मिळणार, नाही साहेबाला, नाही दोघांनाही नाही, मुंबईवाले आपल्या माणसाला देतील. भूपेंद्रनं गंमत म्हणून विनायकरावांना विचारलं, "काय म्हनता काका? कोनाले भेटन?"

"सावरगावले," विनायकराव म्हणाले. चांगलं मोठ्यानं.

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग योगेशनं कपाळावर हात मारला. "घ्या! आपला मानूस नदी ओलांडून गेला! घरी जेवन बंद होईन म्हनून भेले का काका?"

"जवाई कोनाचा हाय मंग!" पुंडलिकरावांनी त्यांना जवळजवळ मिठीच मारली.

विनायकराव हसत बाकावर बसले. उजवा हात शालीत होता आणि त्याची मूठ त्यांनी मिटून धरली होती, आत काहीतरी आहे आणि उघडली तर पडेल, अशी. भूपेंद्रनं चहा पुढं केला, तेव्हा त्यांनी पेला डाव्या हातानं घेतला.